मेलेली नायिका सोयीची

१८२४ साली फ्रान्समध्ये तीन मुलं जन्मली. जानेवारीत नॉर्मंडीतल्या नोनां नावाच्या खेड्यात आल्फोन्सीन प्लेसी. तिचा बाप फेरीवाला, दारुडा आणि मारकुटा. जुलैत पॅरिसमध्ये अलेक्झांडर, शिवणकाम करून पोट भरणाऱ्या कातरीन लाबेचा मुलगा. त्याचा बाप म्हणजे 'थ्री मस्केटिअर्स'वाला थोरला अलेक्झांडर द्यूमा. त्यानं कातरीनशी लग्न तर केलं नाहीच, पण मुलाला कागदोपत्री आपलं म्हणायलाही १८३१ साल उजाडू दिलं. आणि डिसेंबरात, पुन्हा पॅरिसमध्येच, सेलेस्त वेनार. तिचा बाप ती लहान असतानाच गेला, आणि नंतर आईनं ज्या माणसाला घरात आणलं त्याच्यापासून पळून जायची वेळ पोरीवर आली.

तिघांच्याही नशिबात धड बाप नव्हता. मुलगा लेखक झाला, पुढे फ्रेंच अकादमीत जाऊन बसला. दोन्ही मुली पॅरिसच्या बड्या लोकांच्या बग्ग्यांत, थिएटरच्या बॉक्समध्ये आणि मग त्यांच्या हिशेबाच्या वह्यांत जाऊन बसल्या. आल्फोन्सीनची मारी द्युप्लेसी झाली, सेलेस्तची मोगादोर झाली. मारीवर या मुलानं पुस्तक लिहिलं, ते जगभर गेलं. सेलेस्तनं स्वतःवर स्वतःच पुस्तक लिहिलं. ते आपल्यापैकी किती जणींनी वाचलंय? ही दोन पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून वाचावीत असं फार दिवस मनात होतं.

आधी एक शब्दाची अडचण. या बायकांना मराठीत काय म्हणायचं? 'वेश्या' म्हटलं तर बुधवार पेठ डोळ्यांसमोर येते. 'कलावंतीण' म्हणावं तर आपल्या कलावंतिणीच्या मागे गाणं असतं, गुरू असतो, आई-आजीचं घराणं असतं, देवळाशी नातं असतं. पॅरिसच्या या बायकांच्या मागे यातलं काहीही नाही. त्या धोब्याकडून, शिवणकामाच्या दुकानातून, अनाथपणातून सरळ उचलल्या गेलेल्या. मारी पंधराव्या वर्षी पॅरिसला आली तेव्हा तिला नीट लिहिता-वाचता येत नव्हतं. नंतर ती शिकली. पियानो शिकली, घरात दोनेकशे पुस्तकं जमवली. म्हणजे आपल्याकडे कला आधी आणि आश्रयदाता मागून. तिकडे आश्रयदाता आधी, कला मागून. त्यातल्या त्यात 'गणिका' हा जुना शब्द बरा. तोच वापरते.

तर 'ला दाम ओ कामेलिया', म्हणजे कॅमेलियाच्या फुलांची बाई. १८४८ ची कादंबरी, १८५२ ला तिचं नाटक, १८५३ ला त्यावरून व्हर्दीचा 'ला त्राव्हियाता' हा ऑपेरा, १९३६ ला ग्रेटा गार्बोचा 'कॅमिल' सिनेमा. गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. मार्गरीत गोतिए ही पॅरिसची गाजलेली गणिका, क्षयानं आजारलेली. आर्मां दुव्हाल नावाच्या मध्यमवर्गीय तरुणावर तिचं खरं प्रेम बसतं. दोघं गावाबाहेर जाऊन राहतात. आर्मांचे वडील गुपचूप तिला भेटतात आणि मुलाला सोड म्हणतात. ती सोडते. कारण त्याला सांगत नाही. तो तिचा अपमान करतो, ती झुरून मरते, आणि सगळं त्याला नंतर कळतं.

या पुस्तकातली जी गोष्ट मला खरोखर आवडते, ती प्रेमाची नाही, पैशाची आहे. मार्गरीतच्या शेजारी प्रुदांस नावाची एक बाई राहते. एके काळी हीही त्याच धंद्यातली, आता वय झालेली, टोप्या विकणारी आणि मार्गरीतकडून उसने पैसे नेणारी. ती आर्मांला बसवून हिशेब सांगते. बाबा रे, तुझं वर्षाचं उत्पन्न सात-आठ हजार फ्रँक. हिचा खर्च वर्षाला लाखाच्या वर. तुझ्या पैशात हिची बग्गीसुद्धा भागायची नाही. म्हणून एकट्यानं हिला सांभाळायच्या गोष्टी करू नकोस, म्हाताऱ्या ड्यूकला राहू दे, त्या काउंटला राहू दे, आणि तू आपला हळूच ये-जा कर. घरखर्चाची वही लिहिणाऱ्या कुठल्याही बाईला हे पान पटकन कळेल. प्रुदांस लबाड आहे, पण तिची बेरीज चुकत नाही. पुढे गावाबाहेरच्या घरात मार्गरीत एकेक करून घोडे, बग्गी, शाली, हिरे विकायला काढते आणि आर्मांला त्याचा पत्ताही नसतो. प्रेमाचा संसार चालला आहे तो कशावर, हे त्याला गहाणखताच्या पावत्या दिसल्यावर कळतं. इथे चोविशीतला हा लेखक फार खरं लिहून गेला आहे. तो स्वतः मारीबरोबर साधारण वर्षभर होता, १८४४ च्या सप्टेंबरपासून पुढच्या ऑगस्टपर्यंत, आणि निघताना त्यानं तिला जे पत्र लिहिलं त्यातही मुख्य मुद्दा हाच होता की मनासारखं प्रेम करायला लागतो तेवढा पैसा माझ्याकडे नाही. पत्र सुंदर आहे. पण बाई, ते बिलच आहे!

आणि मग येतो तो वडिलांचा प्रसंग. सगळी कादंबरी, सगळं नाटक, सगळा ऑपेरा या एका भेटीवर उभा आहे. थोरले दुव्हाल येतात. आधी तोरा. मग तिनं दागिने विकल्याचे कागद दाखवल्यावर नरमतात. मग काढतात हुकमाचं पान: माझी एक मुलगी आहे, निष्पाप आहे, तिचं लग्न ठरलंय, आणि तिच्या भावाचे असे संबंध आहेत म्हणून सासरची माणसं लग्न मोडायला निघाली आहेत.

'मुलीच्या लग्नाचं आहे' हे वाक्य आपल्या घरांतून किती वेळा बोललं गेलंय, मला सांगा. जमिनीचा वाटा सोडून द्यायला, भांडण गिळायला, एखाद्या सुनेला गप्प बसवायला. ते वाक्य उच्चारलं की समोरच्यानं पदर पसरायचाच. म्हणून या प्रसंगात डोळ्यांत पाणी येतं आणि ते खोटं नसतं. पण पाणी पुसून पुन्हा वाचलं की दिसतं, लेखकानं इथे कसा डाव मांडला आहे. एका बाईचा बळी दुसऱ्या बाईसाठी. मधे उभा असलेला पुरुष, जो रोज जुगार खेळून पैसे मिळवायला लागला आहे, त्याच्याकडे कुणी काही मागत नाही. जो जावई होऊ घातलाय आणि मेहुण्याच्या भानगडीवरून ठरलेलं लग्न मोडायला तयार आहे, तो कसला माणूस, हेही कुणी विचारत नाही. मार्गरीतनं 'हो' म्हणताच म्हातारा विरघळतो, तिच्या कपाळाचं चुंबन घेतो. ती थोर ठरते. थोर ठरण्यासाठी तिला स्वतःहून बाजूला व्हावं लागतं, आणि आर्मांनं एक रात्र तिच्याबरोबर काढून सकाळी पाचशे फ्रँकची नोट पाठवली तरी गप्प राहावं लागतं. नाटकात तर तो भर बैठकीत तिच्यावर नोटा फेकतो. टाळ्या पडत असणार.

आता खऱ्या आयुष्याकडे पाहू. असे कुणी वडील मारीकडे आल्याचा पुरावा नाही. आणि थोरला द्यूमा! त्याच्या स्वतःच्या भानगडी मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरायची नाहीत, तो कुठल्या तोंडानं येणार? उलट खऱ्या आयुष्यात जे घडलं ते कादंबरीत नाहीच. २१ फेब्रुवारी १८४६ रोजी मारीनं लंडनला जाऊन एदुआर द पेरेगो नावाच्या काउंटशी रीतसर लग्न केलं. दोघं परत आले आणि वेगळे राहिले, पण लग्न झालं होतं. वर्षभरात, ३ फेब्रुवारी १८४७ ला, ती गेली. तेवीस वर्षांची होती. तेव्हा द्यूमा पॅरिसमध्ये नव्हता. तेरा दिवसांनी तिचं शव पहिल्या खड्ड्यातून काढून मोंमार्त्रच्या दफनभूमीत कायमच्या जागेत पुरलं गेलं, आणि ती जागा विकत घेतली होती नवऱ्यानं, पेरेगोनं.

कादंबरी वाचलेल्यांना आठवत असेल, सुरुवातीलाच कबर उकरण्याचा तो भयंकर प्रसंग आहे. आर्मां मार्गरीतला कायमच्या जागेत हलवतो आणि त्या निमित्तानं तिचा सडलेला चेहरा पाहून कोसळतो. म्हणजे नवऱ्याची कृती लेखकानं प्रियकराला देऊन टाकली आणि नवरा पुसून टाकला. कादंबरीकाराला एवढी मुभा असतेच, मी नाही म्हणत नाही. पण काय पुसलं ते बघा. गणिकेचं लग्न होऊ शकतं ही गोष्ट पुसली. ती उरली असती तर थोरल्या दुव्हालांना येऊन रडता आलं नसतं.

हे योगायोगानं झालं असं म्हणावं तर याच लेखकाचं १८५५ चं 'ल दमी-मोंद' हे नाटक आहे. अर्ध्या प्रतिष्ठेच्या त्या जगाला 'दमी-मोंद' हे नाव यानंच दिलं. त्यात सुझान नावाची बाई आपला भूतकाळ झाकून एका सज्जन लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करू पाहते. तिचा जुना प्रियकर तिचं पितळ उघडं पाडतो, आणि नाटकाच्या लेखी तोच सभ्य गृहस्थ! त्याच वर्षी एमील ओजिएचं 'ओलँपचं लग्न' आलं. त्यात गणिका खानदानी घरात लग्न करून शिरते, आणि शेवटी घरातला वृद्ध मार्क्विस तिला गोळी घालतो. मरणारी मार्गरीत देवी, लग्न करू पाहणारी सुझान कपटी, लग्न केलेली ओलँप गोळीच्या लायक. पुढे १८८० साली झोलानं 'नाना' लिहिली. तीही मरतेच, देवीच्या रोगानं, हॉटेलच्या खोलीत, सगळं तोंड फुटून. झोलाला द्यूमाची रडकी देवी नको होती म्हणून त्यानं सडणारं मांस दाखवलं. एक प्रकार सोडून दुसरा, इतकंच. तिला म्हातारी होऊ द्यायची तयारी झोलाचीही नव्हती.

व्हर्दीचं मात्र जरा वेगळं आहे. तो त्या वेळी ज्युझेप्पीना स्ट्रेप्पोनी या गायिकेबरोबर लग्नाविना राहत होता, गावातली माणसं तिच्याकडे पाठ फिरवत होती. म्हणून असेल, ऑपेरात बाईच्या गाण्याला जे बळ आहे ते कादंबरीतल्या बाईला नाही. आणि तो प्रयोग पहिल्यांदा व्हेनिसला झाला तेव्हा त्याला आपल्या काळाचे कपडे पात्रांना घालू दिले नाहीत, गोष्ट दीडशे वर्षं मागे ढकलायला लावली. समोर बसलेल्यांना स्वतःचे कोट रंगमंचावर बघायचे नव्हते.

आपल्याकडे गणिकेच्या गोष्टी नाहीत का? देवलांनी मराठीत आणलेल्या 'मृच्छकटिका'तली वसंतसेना आहे. तिचाही गळा दाबला जातो, ती मेली असं वाटतं, पण ती उठते. आणि शेवटी नवा राजा तिला 'वधू' हा शब्द बहाल करतो. आमच्या स्थानकात चातुर्मासात हमखास सांगितली जाते ती कोशेची कथा. स्थूलभद्र बारा वर्षं तिच्याकडे राहिला, मग दीक्षा घेतली, मग तिच्याच चित्रशाळेत चातुर्मास करून अविचल राहिला. महाराजसाहेब सांगतात ते स्थूलभद्राचं माहात्म्य, आणि ते आहेच. मला मात्र नेहमी नंतरचा भाग ऐकायचा असतो. स्थूलभद्राची बरोबरी करायला दुसरा एक मुनी तिच्याकडे येतो आणि घसरतो. कोशा तेव्हा श्राविका झालेली असते. ती त्याला नेपाळहून रत्नकंबल आणायला लावते, आणि त्यानं जिवावर उदार होऊन आणलेलं ते कंबल पायपुसण्यासारखं वापरून गटारात टाकते. तो हळहळतो. तेव्हा ती म्हणते, कंबलाचं एवढं वाटतं, मग संयम चिखलात टाकताना नाही वाटलं? इथे गणिका जिवंत आहे, व्रतं घेतलेली आहे आणि मुनीला वाटेवर आणते आहे. हे सगळं फार जुनं आहे. एकोणिसाव्या शतकातल्या पुढारलेल्या पॅरिसला मात्र तिला मारल्याशिवाय पुण्यवान करता आलं नाही.

आता सेलेस्त. तिची आठवणींची पुस्तकं १८५४ पासून छापली गेली. इंग्रजी भाषांतर मिळतं. आईच्या माणसापासून पळाली तेव्हा रस्त्यावरच्या एका वेश्येनं तिला आसरा दिला. पोलिसांनी धरून सें-लाझारच्या तुरुंगात टाकलं. तिथे त्या वयाच्या पोरीला काय काय शिकायला मिळतं ते ती सांगते. सुटून घरी आली तर घर तसंच. सोळा पूर्ण होताच तिनं स्वतः जाऊन पोलिसांच्या वहीत नाव घातलं. पॅरिसमध्ये तेव्हा वेश्यांची सरकारी नोंद होत असे. नाव एकदा चढलं की ठरावीक दिवसांनी वैद्यकीय तपासणी, रस्त्यावर हटकणं, तुरुंगाची टांगती तलवार. नाव चढवायला एक सकाळ पुरते, उतरवायला वर्षं लागतात. तिच्या पुस्तकाचा कणा मला विचाराल तर ही वही आहे, तिचे प्रियकर नाहीत. नाव उतरावं म्हणून ती कुणाकुणाच्या दारात उभी राहते, कुठल्या ओळखी काढते, कशी भीत भीत रस्त्यानं चालते! द्यूमाच्या कादंबरीत ही वही नाही. मार्गरीतला पोलिसांची भीती वाटत नाही, तिला फक्त खोकला येतो.

पुढे ती नाचायला लागली. बाल माबीय या नाचाच्या बागेत तिला 'मोगादोर' हे नाव मिळालं, कारण त्याच वर्षी, १८४४ साली, फ्रेंच आरमारानं मोरोक्कोतल्या मोगादोर शहरावर तोफा डागल्या होत्या. काय बारसं! ज्या गावावर हल्ला झाला त्या गावाचं नाव बाईला. मग घोड्यांच्या सर्कशीत शर्यती, पडणं, मोडलेला पाय. मोठमोठे लोक येतात-जातात. आल्फ्रेद द म्यूसे हा कवी आपण कोमल प्रेमकवी म्हणून ऐकलेला असतो. सेलेस्तच्या पुस्तकात तो तिला हॉटेलात जेवायला नेतो आणि सगळ्यांदेखत तिच्या अंगावर सोडावॉटर उडवतो.

पुस्तक निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. लांबतं. मैत्रिणींच्या कहाण्या मधेच घुसतात आणि त्यातल्या काही नाटकासारख्या रचलेल्या वाटतात. लिहायला ती मोठेपणी, स्वतःच्या हिमतीवर शिकली, ते जाणवतं. शिवाय हे पुस्तक सुरू झालं ते कोर्टकचेरीपायी. तिच्या प्रियकराच्या, काउंट लिओनेल द शाब्रियांच्या, कर्जापायी सावकार तिच्या मागे लागले होते, आणि वकिलानं तिला म्हटलं की तुझी सगळी हकिकत लिहून दे. त्यामुळे पानापानावर ती बाजू मांडते आहे, आपल्याला पंच नेमते आहे. आपल्या चुका सांगताना तिचा सूर कधी कधी जास्तच गोड होतो. रचना म्हणून बघितलं तर द्यूमाची कादंबरी सरस, यात वाद नाही. लिलावापासून सुरू करून मागे जाणं, मेलेल्या बाईची पत्रं शेवटी उघडणं, हे सगळं त्याला साधलं आहे. सेलेस्तला नुसतं 'मग असं झालं, मग तसं झालं' एवढंच येतं. पण त्या 'मग'मध्ये एक गोष्ट आहे. तिला शेवट माहीत नाही. बाई जिवंत आहे, लिहिते आहे आणि उद्याचं तिलाही ठाऊक नाही. कुठल्याही कादंबरीकारानं या बायकांना ही मोकळीक दिली नाही.

१८५४ च्या सुरुवातीला तिनंही लंडनमध्ये लग्न केलं, तिच्या काउंटशी. मारीसारखंच. नवरा फ्रान्सचा वकील म्हणून मेलबर्नला निघाला आणि ही बरोबर. आता तिला पुस्तक मागे घ्यायचं होतं. पण छापखान्यातून निघालेलं कोण थांबवणार? ऑस्ट्रेलियात ती उतरण्याआधी तिची कीर्ती उतरली होती. तिथल्या प्रतिष्ठित बायका तिच्याकडे येईनात. पोलिसांच्या वहीतून नाव उतरवलं होतं, तर आता स्वतःच लिहिलेल्या वहीत ते कायमचं चढलं! त्या रिकाम्या दुपारींत तिनं रोजनिशी लिहिली आणि भोवतालच्या सोन्याच्या खाणींवर 'सोन्याचे चोर' ही कादंबरी लिहिली. ती १८५७ ला छापली गेली. तिचं नाटक करायला मदत कुणी केली माहीत आहे? थोरल्या द्यूमानं.

नवरा १८५८ च्या अखेरीस मेलबर्नलाच वारला. ही त्याआधीच फ्रान्सला परतली होती, आता विधवा आणि कफल्लक झाली. पुढे पन्नास वर्षं कादंबऱ्या लिहिल्या, नाटकं लिहिली, थिएटर चालवलं, बुडवलं. १८७० च्या युद्धात जखमींची शुश्रूषा करायला बायकांचं पथक उभं केलं. १९०९ साली, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, मोंमार्त्रच्या वृद्धाश्रमात गेली. तोवर त्या साली जन्मलेला तिसरा, धाकटा द्यूमा, जाऊन तेरा वर्षं झाली होती. तो मारीपासून फार दूर नाही, त्याच दफनभूमीत पुरलेला आहे. लोक दोन्हीकडे जातात आणि मारीच्या कबरीवर फुलं ठेवतात.

नवऱ्यामागे सेलेस्तला सासरच्यांनी एक देऊ केलं होतं. वर्षासन देतो, पण आमचं आडनाव टाक. पैशाची तिला नड होती, आयुष्यभर राहिली. तिनं वर्षासन नाकारलं. तिच्या कादंबऱ्यांच्या पहिल्या पानावर लेखिकेचं नाव छापलेलं आहे ते असं: काउंटेस लिओनेल द शाब्रियां.